दणकट फोन नवा घेतलाय? आधी त्याचं रबरी बूच ओळखा

माझा पहिला दणकट फोन दोनदा दगडी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला, एकदा शिडीवरून पडला. दर वेळी उचलला, फुंकर मारली, खिशात टाकला. त्याचा जीव गेला तो बेसिनमध्ये. चिखल काढायला नळाखाली धरला होता आणि चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी बूच एका कोपऱ्यात दाबायचं राहिलं होतं. मला कळलंच नाही. रात्री तसाच चार्जिंगला लावला, सकाळी खाचेतल्या पिना काळ्या-हिरव्या पडलेल्या.

तेव्हापासून रग्ड फोन म्हटलं की मला ते बूच आधी दिसतं. भिंती कितीही भक्कम असल्या तरी या घराचं दार रबराचं आहे, आणि ते आपण रोज चार्जिंगसाठी उघडतो. म्हणून नवा फोन सुरू करताना आणि चार्ज करताना काय करायचं, ते या दारापासून सुरू करतो.

डब्यावरचे आकडे काय सांगतात

आयपी हे फोन धूळ-पाणी किती अडवतो ते सांगणारं माप. आयपी६८ मधला ६ धुळीचा: धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते, म्हणून माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचायची. काही फोनवर आयपी६९ किंवा ६९के असं वेगळं लिहिलेलं असतं. ती चाचणी बुडवण्याची नाही, जवळून मारलेल्या ८० अंशांच्या गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची. दोन्ही चाचण्या वेगळ्या आहेत. बुडून टिकणारा फोन फवाऱ्यात टिकेलच असं नाही, म्हणूनच चांगल्या दणकट फोनवर दोन्ही आकडे छापलेले असतात. आणि या सगळ्या चाचण्या साध्या, स्वच्छ पाण्यातल्या. साबण, खारं पाणी, वाफ यांचा त्यात हिशोब नाही.

'मिल-एसटीडी-८१०एच' हे अमेरिकी लष्कराच्या चाचणीपद्धतींचं पुस्तक आहे. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. गंमत अशी, की हे २६ धक्के ५ नगांत वाटून द्यायची मुभा आहे. शिवाय लष्कर कुणाच्या फोनवर शिक्का मारत नाही, कंपनी स्वतः चाचणी करते किंवा करून घेते. फोन कच्चा आहे असं मी म्हणत नाही. पण मित्रांना दाखवायला मुद्दाम आपटू नका, एवढं नक्की.

या सगळ्या आकड्यांना एक अट चिकटलेली आहे: सगळी बुचं आणि सिमचा ट्रे पूर्ण बंद.

डबा उघडल्यावर

फोन चालू करायची घाई नको. आधी कागदपत्रं आणि सिमच्या ट्रेची पिन बाजूला काढा आणि फोन उजेडात धरा. स्क्रीनवर एक पातळ फिल्म असते, बऱ्याचदा तिच्यावर काही छापलेलं असतं. ती प्रवासापुरती, काढून टाका. तिच्याखाली दुसरी, नीट बसवलेली फिल्म असेल तर ती स्क्रीनगार्ड आहे, ती राहू द्या. मागच्या बाजूला आणि कडांवर लहान स्टिकर असतात, ते एखाद्या भोकावर तर आलेले नाहीत ना ते बघा. स्पीकरवर अर्धवट चिकटलेल्या स्टिकरमुळे 'आवाज दबका येतो' म्हणून फोन परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत.

आता बुचं. काही फोनना एकच असतं, काहींना हेडफोनचं आणि सिमचंही वेगळं. प्रत्येक बूच नखाने उघडा आणि आतली कड बघा. कडेने एक बारीक उंचवटा फिरलेला दिसेल. पाणी अडवतो तो हाच. त्यावर केस, धागा किंवा वाळूचा कण अडकला की तिथून पाण्याला वाट मिळते. बूच फोनला एका लहान रबरी पट्टीने जोडलेलं असतं. ते पूर्ण मागे वाकवून पिळू नका, जेवढं सहज वळतं तेवढंच वळवा. पट्टी तुटायची असली तर तिथेच तुटते.

बंद करताना मधोमध एकदा दाबून भागत नाही. अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत न्यायचा, मग चारही कोपरे एकेकदा दाबायचे. शेवटी कडेवरून नख फिरवायचं. बूच फोनच्या अंगाशी सपाट लागलं पाहिजे. सुरुवातीला हे दहा वेळा करून बघा. बोटांना सवय लागली की अंधारातही कळतं.

सिमकार्ड, आणि चुकीचं भोक

सिम फोन बंद असतानाच घाला. ट्रे उघडायला पिन लागत असेल तर आधी ट्रेची रेघ शोधा आणि त्या रेघेच्या आतलं भोक तेवढंच पिनेचं समजा. बाहेर, एकटं दिसणारं बारीक भोक हे माइकचं असतं, किंवा हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी असतं. त्यांच्या मागे पाणी अडवणारी पण हवा जाऊ देणारी तलम जाळी बसवलेली असते. तिथे पिन खुपसली की जाळी फाटते आणि पुढे फोन पाण्यात गेला की पाणी थेट आत. आवाज नीट येत राहतो, त्यामुळे बिघाड झालाय हे कळतही नाही.

बऱ्याच दणकट फोनमध्ये पिनेची भानगडच नसते. बुचाखाली ट्रे असतो आणि तो नखाने ओढून काढायचा. ट्रेभोवती रबरी रिंग दिसेल, तिला तेल, क्रीम काही लावू नका. कोरड्या कापडाने पुसली की पुरे. दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांची जागा एकच आहे का, तेही आत्ताच बघून घ्या. तशी असेल तर दोन सिम किंवा एक सिम आणि एक कार्ड, यातलं एक निवडावं लागतं.

ट्रे आत सरकवताना अडला तर जोर लावू नका. नॅनो सिमची जाडी पाऊण मिलिमीटरहूनही कमी असते. ते ट्रेमध्ये जरा तिरकं बसलं की आत अडकतं.

पहिलं चार्जिंग: आठ तासांची गोष्ट विसरा

'नवा फोन आधी आठ तास चार्ज कर, मग चालू कर' हा सल्ला अजून दिला जातो. तो निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांचा. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिला असल्या संस्काराची गरज नाही. फोन अर्धा भरलेला येतो, कारण अर्धी भरलेली बॅटरी साठवणीत कमी झिजते. विमानाने नुसत्या बॅटऱ्या पाठवायच्या तर त्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या नसाव्यात असा नियमच २०१६ पासून आहे.

तेव्हा चालू करा, ५० टक्क्यांच्या खाली असेल तर चार्जिंगला लावा, आणि भरल्यावर काढा. पहिल्यांदा एकदा १०० पर्यंत नेलं तर बरं, म्हणजे टक्केवारीचा अंदाज जरा जुळतो. तो फायदा मोजणीचा आहे, बॅटरीला त्यातून काही मिळत नाही. फोन गोदामात फार काळ पडून राहिलेला असेल तर चार्जर लावल्यावर पहिली १५-२० मिनिटं, कधी अर्धा तास, स्क्रीनवर काहीच येत नाही. घाबरू नका. पार उतरलेल्या बॅटरीला आधी अगदी थोडा प्रवाह दिला जातो, मग फोन जागा होतो.

केबल आत पूर्ण जाते का?

दणकट फोनच्या मालकांची सगळ्यात जास्त चिडचिड इथे होते. रबर आणि चौकट जाड, त्यामुळे चार्जिंगची खाच खोलात असते. नेहमीच्या यूएसबी-सी केबलचं धातूचं टोक साधारण साडेसहा मिलिमीटर लांब. त्यामागचा प्लॅस्टिकचा भाग फोनच्या कडेला अडतो आणि टोक अर्धवट आत राहतं. चार्जिंगची खूण येते, जाते, पुन्हा येते. माणसाला वाटतं फोन बिघडला.

म्हणून डब्यातली केबल वेगळी ठेवा, तिच्यावर रंगीत चिकटपट्टीची खूण करा आणि घरातल्या इतरांना सांगून ठेवा. दुसरी घ्यायची तर 'लांब टोकाची' मागा; त्यात धातूचा भाग ८ ते १० मिलिमीटर असतो. पण हीच केबल साध्या फोनला लावली तर टोकाचा थोडा भाग बाहेर लोंबतो आणि धक्का लागला की खाच हलते. तेव्हा लांब टोकाची केबल दणकट फोनलाच. आणि छोटं टोक बसत नाही म्हणून बूच कापणं किंवा प्लॅस्टिक तासून काढणं, हे दोन्ही मी केलेलं आहे. पहिल्याचा पश्चात्ताप आहे. दुसरं जमलं, पण केबल दोन महिन्यांत गेली.

टोक आत जाताना 'टिक' असं जाणवलं पाहिजे. जाणवत नसेल तर खाचेच्या तळाशी माती किंवा खिशातला धागा दाबून बसलेला असतो. फोन बंद करा आणि लाकडी दातकोरणीने, मधल्या जिभेला धक्का न लावता, कडेने उकरून काढा. सुई-टाचणी नको.

किती वेळ लागेल, ते स्वतः काढा

दणकट फोनची बॅटरी मोठी असते, १०,००० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) किंवा त्याहून जास्तही. एवढी ऊर्जा किती, ते काढायला एमएएचला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणा आणि १,००० ने भागा. १०,००० गुणिले ३.८५, भागिले १,००० म्हणजे साडेअडतीस वॉट-तास. चार्जर जेवढे वॉट देतो त्यातला काही भाग उष्णतेत जातो. ८५ टक्के आत पोचतात असं धरा.

५ वॉटचा जुना चार्जर लावलात तर नऊ तासांहून जास्त. १८ वॉटचा लावलात तर अडीच तास, अधिक शेवटचा रेंगाळणारा भाग, म्हणजे तीन-साडेतीन. संगणकाच्या जुन्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉटच मिळतात. तिथे हाच फोन अठरा तासांत भरेल, आणि मध्ये वापरलात तर भरणारच नाही. 'नवा फोन रात्रभर लावला तरी ६० टक्केच' ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा चार्जरवरचे बारीक आकडे वाचायला लावतो. 'आउटपुट'पुढे ५व्ही १ए, म्हणजे ५ व्होल्ट आणि १ अँपिअर, एकूण ५ वॉट असेल तर उत्तर मिळालं.

८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, तो बिघाड नव्हे. बॅटरी ठराविक व्होल्टेजला पोचली की चार्जर व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करत नेतो. वेगवान चार्जिंग हवं असेल तर फोन आणि चार्जर दोघांची पद्धत जुळावी लागते. जास्त वॉटचा चार्जर लावल्याने फोन जळत नाही. किती घ्यायचं ते फोनच ठरवतो.

पाठ फार जाड असेल तर वायरलेस चार्जिंगच्या नादी लागू नका. फोनमधल्या आणि चार्जरमधल्या तारेच्या वेटोळ्यांमधलं अंतर काही मिलिमीटरच चालतं. फोनमध्येच तशी सोय दिली असेल तर गोष्ट वेगळी. आणि मग ती जरूर वापरा, कारण बूच उघडावं लागत नाही. मागे पितळी ठिपके असतील तर ते डॉकचे, म्हणजे फोन नुसता ठेवून चार्ज करायच्या बैठकीचे. डॉक मिळत असेल तर माझ्या मते दणकट फोनसाठी याहून चांगली खरेदी नाही. ठिपके मात्र कोरड्या कापडाने पुसत राहा.

उष्णता हाताला कळत नाही

साधा फोन तापला की तळहाताला कळतं. दणकट फोनचं रबर उष्णता अडवून धरतं, त्यामुळे बाहेरून कोमट लागणारा फोन आत चांगला तापलेला असू शकतो. चार्ज करताना तो उशीवर, गादीवर, गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका. चार्जिंगसाठी बॅटरीचं तापमान साधारण ० ते ४५ अंशांत असायला हवं. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियमचा थर धातूच्या रूपात साचतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून बर्फाळ थंडीतून आणलेला फोन आधी खोलीत अर्धा-पाऊण तास ठेवायचा, मग चार्जर.

बॅटरी फुगली तरी जाड पाठीमुळे ती दिसत नाही. महिन्यातून एकदा स्क्रीनची कड तिरक्या उजेडात बघा. चौकटीपासून काच किंचित वर आली असेल, फट दिसत असेल, तर चार्जिंग थांबवा आणि फोन दुरुस्तीला द्या. दाबून बसवायला जाऊ नका.

आता फोन चालू करा

भाषा मराठी निवडा, वाय-फाय जोडा, खातं घाला. हे सगळ्यांना येतं. दोन गोष्टींचा क्रम मात्र पाळा. जुन्या फोनमधला डेटा आणण्याआधी सिस्टिमचे अपडेट उतरवून घ्या, नाहीतर अर्ध्या रात्री रीस्टार्ट होऊन डेटा अर्धवट राहतो. आणि नंबर डायल करतो तिथे *#०६# दाबा: १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक येईल, तो डब्यावरच्या आकड्याशी ताडून कागदावर लिहून ठेवा. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात सुरक्षा अपडेटची तारीख असते, तीही बघा. दणकट फोनना अपडेट कमी वेळा येतात हा माझा अनुभव. तारीख वर्षभर मागची असेल आणि नवं काही उतरत नसेल, तर परत करायची मुदत संपण्याआधी विचार करा.

स्क्रीनलॉकला आकडे किंवा पॅटर्न ठेवाच, कारण ओल्या किंवा मातीच्या बोटांना ठशाचं बटण ओळखत नाही. ठसा नोंदवताना एकच अंगठा दोन वेगळ्या नावांनी दोनदा नोंदवा, ओळख बरीच सुधारते. हातमोज्यांचा मोड असेल तर कामापुरता चालू करा. कायम चालू ठेवला की ओल्या खिशात स्क्रीन आपोआप दाबली जाते.

बाजूला एखादं लाल किंवा केशरी जादा बटण असतं. ते कशाला जोडलंय ते पहिल्याच दिवशी बघा. काही फोनमध्ये ते दाबून धरलं की आपत्कालीन संदेश जातो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ ५ वेळा दाबूनही तसंच होतं. घट्ट पिशवीत ही बटणं दाबली जातात. माझ्या फोनने एका सकाळी घरच्यांना तीनदा 'मदत हवी' असं कळवलं आणि मी शांतपणे झाडाखाली बसलो होतो. तेव्हापासून ते बटण टॉर्चला दिलंय.

शेवटचं म्हणजे बॅटरी वाचवण्याची सेटिंग. लांब टिकण्याचं नाव राखायला काही दणकट फोन मागे चालणारी ॲप धडाधड बंद करतात, आणि मग गजर वाजत नाही, संदेश तासाभराने येतात. गजर, संदेश आणि रस्ता नोंदवणारी ॲप, यांच्या माहितीत जाऊन बॅटरीवरचं बंधन काढा. बाकीच्यांवर राहू द्या. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर रोजच्यासाठी ती चालू ठेवा; मोठ्या बॅटरीचं ८० टक्केही दिवसभर पुरतं.

ओला झाल्यावर

माझ्या पहिल्या फोनचं काय झालं ते आता सांगतो. यूएसबी-सी खाचेत २४ पिना असतात, शेजारच्या दोन पिनांचे मध्य जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतरावर. एक थेंब दोन्हींना पुरतो. त्यात चार्जरने वीज सोडली की पाण्याचं विघटन सुरू होतं आणि पिनांवरचा मुलामा खाल्ला जातो. रात्रभरात काम फत्ते. म्हणून ओल्या फोनला चार्जर नाही. बूच बंद ठेवूनच आधी बाहेरचं पाणी पुसा, खाच खाली करून हातावर चार-पाच वेळा आपटा, मग बूच उघडा. आत ओल दिसली तर उघडंच ठेवून मोकळ्या हवेत काही तास. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आणि कण आत जातात. हेअर ड्रायरही नको.

समुद्राचं पाणी लागलं तर लगेच गोड्या पाण्याने धुवा, अर्थात बूच बंद.

आणि चार्जिंगवरून काढलेला गरम फोन थेट गार पाण्याखाली धरू नका. आतली हवा ४० अंशांची आणि पाणी १५ अंशांचं असेल तर हवा आकसते आणि आतला दाब साधारण ८ टक्क्यांनी उतरतो. हा ओढा जवळपास ८० सेंटिमीटर खोल पाण्याच्या दाबाइतका होतो. म्हणजे नळाखाली धरलेला फोन पाऊण मीटर खाली बुडवल्यासारखा पाणी आत ओढू बघतो. बूच नीट बसलेलं असेल तर तो टिकेल, पण एका कोपऱ्यात राहिलेलं असेल तर नाही. माझाही बहुधा गरमच होता.

बूच कायमचं नसतं. रबर पांढरट पडलं, कडेचा उंचवटा चपटा झाला, दाबल्यावर एक कोपरा आपसूक वर येऊ लागला, की डब्यावर काहीही लिहिलेलं असो, तो फोन साध्या फोनसारखा पाण्यापासून जपायचा. सुटं बूच मिळत असेल तर फोन नवा असतानाच एक मागवून ठेवा आणि डब्यातच टाका, आयएमईआय लिहिलेल्या कागदाशेजारी. दोन-तीन वर्षांनी मॉडेल बंद होतं, मग ते कुठेच मिळत नाही.